जुन्या गाडीचा रंग आणि ओली हवा

नारायणगाव किंवा मंचरच्या गॅरेजात जुनी गाडी रंगवायला टाकली की पहिला सवाल येतो: ‘एनसी’ मारायचा की ‘टूके’? एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. त्यातलं थिनर उडालं की रंग सुकला, रासायनिक बदल काहीच नाही. म्हणून वर्षभरानेही थिनरचा बोळा फिरवला की तो पुन्हा विरघळतो. टूके महाग. त्यात मिसळलेल्या हार्डनरमधली आयसोसायनेटं रेझिनशी जोडली जाऊन पक्कं जाळं बनतं. (रंग मारणाऱ्याच्या फुफ्फुसांना हीच आयसोसायनेटं घातक, नाकाला नुसता रुमाल बांधून भागत नाही.)

स्वस्तातला एनसी पावसाळ्यात मात्र मारू नये. उडणारं थिनर पत्रा थंड करतं, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक चढते. माळशेज, भीमाशंकरकडच्या आषाढ-श्रावणात हा धोका जास्तच.

गंज काढणं आणि घासाई यांत काटकसर नको. त्यापेक्षा उन्हाने सर्वांत आधी मरणारे बॉनेट आणि टप तेवढे रंगवा. रंगही मूळचाच ठेवा. बदललात तर एमएच-१४ आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.