आमचा कॅम्पस, खोपोली लोकल!

मुंबई विद्यापीठाची डिग्री कर्जत-खोपोलीतही मिळते. विद्यापीठ मात्र गाडी पकडून गाठावं लागतं!

शनिवारची सकाळ. ऑफिसच्या ग्रुपसोबत तुम्ही कर्जतच्या फार्महाउसवर निघालाय. स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला गरमागरम वडा तोंडात टाकता, तेव्हा समोर मुंबईची लोकल उभी असते. खिडकीत एक मुलगी. मांडीवर झेरॉक्सच्या नोट्स, डब्यात आईने पहाटे उठून केलेली पोळी-भाजी. ती कलिनाला लायब्ररीत बसायला चाललीय. तुमचा वीकेंड जिथे सुरू होतो, तिथून तिचं विद्यापीठ दोन तासांवर आहे.

काही वर्षांपूर्वी त्या खिडकीत मी असायचे. स्टेशन फक्त थोडं पुढचं... खोपोली!

आधी गाडी, मग विद्यापीठ

एक गंमत सांगते. खोपोलीला रेल्वे आली १२ मे १८५६ला. मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली १८ जुलै १८५७ला. म्हणजे आमच्याकडे गाडी आधी पोचली, विद्यापीठ वर्षभराने जन्माला आलं! तेव्हा घाटातला रूळ झालेला नव्हता. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने पार करून खोपोलीत दुसरी गाडी धरावी लागायची. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली, मेन लाइन पळसधरीवरून थेट वर गेली आणि खोपोली राहिली एका फाट्याच्या टोकाला. ती आजही तिथेच आहे.

आणि ते विद्यापीठ तरी कसं होतं? लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यात महादेव गोविंद रानडे होते, रा. गो. भांडारकर होते. तेव्हा ना फोर्टातला पदवीदान सभागृह उभा होता, ना राजाबाई टॉवर. टॉवर पुरा झाला १८७८ साली, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. टॉवरला नाव मिळालं त्यांच्या आईचं. विद्यापीठाने स्वतःचे शिकवणारे विभाग काढले ते थेट विसाव्या शतकात. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग १९१९चा. पुढे कलिनात २०० एकरांहून मोठं विद्यानगरी संकुल उभं राहिलं आणि ‘कॅम्पस’ म्हणावं असं काहीतरी झालं.

हॉल तिकीट म्हणजे विद्यापीठ

आता आमची गोष्ट. खोपोलीचं के.एम.सी. कॉलेज काय, कर्जतचं कोकण ज्ञानपीठ काय, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. डेज, कँटीनचा कट्टा, एनएसएसचा कॅम्प, युथ फेस्टिव्हलची तालीम, पावसात बंक मारून झेनिथचा धबधबा... धम्माल आम्हीही केली. कुणाला वाटेल, छोट्या गावातलं कॉलेज म्हणजे बोअर. अजिबात नाही!

पण विद्यापीठ? ते आम्हाला भेटायचं हॉल तिकिटावर, मार्कशीटवर आणि लांबलेल्या रिझल्टमध्ये. २०१७ साली उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायचा घोळ झाला, निकाल महिनोन् महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं, आठवतं? तेव्हा फोर्टात जाऊन चौकशी करणंही आमच्याकडच्या मुलांना अख्ख्या दिवसाच्या खाड्याचं होतं. तीन वर्षं शिकून, पदवीधर होऊन, ज्याने राजाबाई टॉवर खालून कधी पाहिलाच नाही असा मुंबई विद्यापीठाचा पदवीधर हवाय? खोपोलीत या, दाखवते.

थोडक्यात, १८५७ सालचं ‘परीक्षा घेणारं’ विद्यापीठ आमच्यासाठी अजून तसंच आहे. शिकवणारं विद्यापीठ हवं असेल, तर गाडी पकडा!

लेक्चर की लोकल?

एम.ए.ला कलिनात अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा घरात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बाबा टाइमटेबल घेऊन बसले. विद्यापीठाचं नाही, रेल्वेचं! खोपोली-कर्जत सिंगल लाइन, गाड्या मोजक्या. कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला येऊन बस नाहीतर शेअर रिक्षा. जाऊन-येऊन दिवसाचे पाच-सहा तास प्रवासातच.

कलिनात मात्र मी खरंच हरखून गेले. झाडाखालच्या गप्पा, जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात हवं ते पुस्तक, लेक्चर संपल्यावर सरांशी रंगलेला वाद. खरं शिक्षण लेक्चरनंतर सुरू होतं, हे तिथे कळलं. आणि नेमकी त्याच वेळी मी घड्याळ बघत उठायचे. संध्याकाळचे परिसंवाद, नाटकं, पाहुण्यांची व्याख्यानं... बरंचसं मी दुसऱ्यांकडून ऐकलंय. मुंबईतली मैत्रीण म्हणायची, ‘थांब ना गं दहा मिनिटं!’ त्या दहा मिनिटांत माझी गाडी जायची.

तरी मी नशीबवान. घर स्टेशनजवळ होतं. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी कर्जतच्या आतल्या वाडीवरून यायची. आधी पायी, मग सहा आसनी रिक्षा, मग कॉलेज. बी.ए.ला माझ्यापेक्षा जास्त मार्क. कलिनाचा फॉर्म आम्ही दोघींनी एकत्र भरला होता. ‘रात्री परत येताना स्टेशनवरून पुढे कशी येशील?’ एवढाच प्रश्न घरच्यांनी विचारला. त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तिने बाहेरून एम.ए. केलं. विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे आणि अशा कितीतरी जणींना त्यानेच तारलंय. पण पोस्टाने पुस्तकं येतात, वाद घालायला सर येत नाहीत.

टोकाचं स्टेशन

विद्यापीठाने ठाणे, कल्याण, रत्नागिरीला उपकेंद्रं काढली. रायगडात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९चं. पण ते पडलं इंजिनीअरिंगवाल्यांचं, आणि तेही पार दक्षिणेला, माणगावच्या पुढे. कर्जत-खालापूरच्या मुलीला इतिहास किंवा समाजशास्त्रात एम.ए. करायचं तर? इकडे एखादं छोटं केंद्र, आठवड्यातून दोन दिवस येणारे प्राध्यापक, नाहीतर कलिनात लांबून येणाऱ्या मुलींसाठी हॉस्टेलच्या चार खोल्या जास्त... एवढं झालं तरी कितीतरी फॉर्म कपाटात राहणार नाहीत.

तोवर आमचा कॅम्पस लोकलचाच. नोट्सची देवाणघेवाण, व्हायवाची तयारी, ब्रेकअपनंतरची रडारड, नोकरीच्या पहिल्या कॉलचा आरडाओरडा, सगळं त्या लेडीज डब्यातलं. बदलापूर गेलं की जागा मिळते आणि वही उघडता येते.

पुढच्या शनिवारी कर्जतला उतराल तेव्हा समोरच्या गाडीकडे एकदा बघा. खिडकीतली मुलगी वाचत असेल तर हाक मारू नका. कल्याणला गर्दी चढेपर्यंतच तिला वेळ आहे!