पाच इंचांचा हिशोब

‘थ्री नॉट थ्री’ म्हटले की महाराष्ट्रात आजही पोलीस ठाण्याच्या दारातला पहारा डोळ्यांसमोर येतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ च्या समोर पोलिसांच्या हातात होती ती हीच रायफल. तिचे खरे नाव ली-एन्फिल्ड. तिच्यावर बरेच लिहिले गेले आहे. मला मात्र तिच्या तोंडाशी बसणाऱ्या संगिनीची गोष्ट अधिक बोलकी वाटते, कारण सैन्याच्या मनातली भीती रायफलपेक्षा संगिनीत जास्त स्पष्ट दिसते.

१८८८ साली ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड स्वीकारली. बोल्ट आणि मॅगझिन जेम्स पॅरिस ली यांचे, नळीतल्या उथळ, गोलसर खाचा विल्यम मेटफर्ड यांच्या. काळ्या दारूची काजळी अशा खाचांत फारशी साचत नसे. पण लवकरच धूर न करणारे कॉर्डाइट आले आणि त्याच्या उष्णतेने त्या खाचा भराभर झिजू लागल्या. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याने मग खोल, कंगोरेदार अशा पाच खाचा पाडल्या. १८९५ ची ली-एन्फिल्ड ती हीच.

बोअर युद्धाने पुढचा धडा दिला. बोअरांच्या माउझरमध्ये पट्टीतून एका दमात पाच काडतुसे भरता येत, ब्रिटिश शिपाई ती एकेक करून भरत असे. शिवाय पायदळाला लांब रायफल आणि घोडदळाला आखूड कार्बाइन हा दुहेरी व्यापही सांभाळावा लागे. म्हणून सगळ्यांसाठी एकच आखूड रायफल करायचे ठरले. जुनी साडेएकोणपन्नास इंचांची होती, नवी साडेचव्वेचाळीस इंचांची झाली.

वादाला तोंड फुटले ते इथे. त्या काळच्या सेनाधिकाऱ्यांच्या हिशोबी संगीन लावलेली रायफल म्हणजे भाला. घोडेस्वार अंगावर आला तर पायदळाच्या शिपायाची पोच कमी पडता कामा नये. रायफल पाच इंचांनी घटली, म्हणून १९०७ च्या नमुन्यात संगिनीचे पाते बारा इंचांवरून सतरा इंचांवर गेले. बेरीज जवळजवळ जिथल्या तिथे आली, साडेएकसष्ट इंच. नमुना जपानी अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून घेतलेला होता. शत्रूचे पाते अडकवण्यासाठी मुठीपाशी एक वाकडा आकडाही ठेवला होता. १९१३ मध्ये तो काढला आणि आधीच्या पुष्कळ संगिनींवरचे आकडेही कापून टाकले. म्हणून आकडा शाबूत असलेली संगीन आज दुर्मीळ आहे.

अशी संगीन हातात घेतली तर मुठीजवळच्या पोलादावर नमुन्याचे साल, मुकुट, कारखान्याचे नाव आणि एक छोटी फुली दिसते. पाते वाकवून तपासले, ते परत सरळ झाले, याची खूण म्हणजे ती फुली. संगिनीचे कडे नळीभोवती बसत नाही. नळीखाली, रायफलीच्या पुढच्या टोकाच्या टोपणावर एक आखूड गोल खुंटी असते, तिच्यावर ते बसते. त्यामुळे संगिनीचा भार थेट नळीवर येत नाही. ज्याने हे योजले त्याला रायफल गोळी झाडण्यासाठी असते याचा विसर पडला नव्हता.

पहिल्या महायुद्धाने घोडेस्वाराची भीती निकालात काढली. खंदकाच्या वळणांत एवढी लांब रायफल फिरवणे जिकिरीचे होई. ब्रिटिश रुग्णालयांच्या नोंदींत संगिनीच्या जखमा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरल्या, माणसे मेली ती तोफा आणि मशीनगनने. हे आकडे पाहिले की सतरा इंचांसाठी घातलेला तो सारा वाद मला केविलवाणा वाटतो. तरीही संगिनीची कवायत चालूच राहिली. तिच्यामुळे शिपायाच्या अंगात चढाईची ईर्ष्या येते अशी वरिष्ठांची श्रद्धा होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘नंबर ४’ रायफल काढली आणि तिला आठ इंचांची सळईसारखी संगीन दिली. तिला ना धार, ना मूठ. करायला स्वस्त, झटपट होणारी. भारतात, हुगळीकाठच्या ईशापूर कारखान्यात, जुना नमुनाच सुरू राहिला, फक्त संगिनीचे पाते पुन्हा बारा इंचांवर आले.

माणगावला ज्यांचा पुतळा आहे त्या नाईक यशवंत घाडगे यांची याच युद्धातली कामगिरी इथे आठवते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, तुकडीतले बाकीचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन. मॅगझिन बदलायलाही उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. झुंज अगदी हातघाईची होती, पण तिच्यात संगीन नव्हती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या जवानाला किती इंच पोच हवी याचा हिशोब कोणत्याही समितीने केला नव्हता.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने ली-एन्फिल्डच ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्याने घडवली. पोलाद अधिक भक्कम घेतले, मॅगझिन बदलले. टोपणावरची खुंटी मात्र तशीच ठेवली, त्यामुळे १९०७ ची संगीन या रायफलीलाही बसते.