आजोबांच्या वहीतल्या सह्या खऱ्या का? फोनवर अशी करा तपासणी

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना आजोबांची एक जुनी वही सापडली. मधल्या एका पानावर अकरा सह्या. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, बेदी, चंद्रशेखर... आजी म्हणाली, "७१ साली वेस्ट इंडिज जिंकून टीम आली ना, तेव्हा यांनी विमानतळावर घेतल्या होत्या." झालं! चुलतभावाने लगेच ऑनलाइन विकायला मथळा लिहिला: 'वेस्ट इंडिज दौरा १९७१, अस्सल सह्या'.

मी म्हटलं, थांब. आधी तपासू. मथळा चुकला तर घेणारा फसेल आणि नाव आजोबांचं खराब होईल.

तुमच्याही घरात अशी वही, बॅट किंवा सामन्याचं जुनं तिकीट असेल, तर हे करून बघा.

१. फोटो नीट काढा

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक तपशील उडतात. म्हणून मूळ फोटो ठेवा, पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक फोटो सरळ उजेडात काढा. दुसरा काढताना खोलीत अंधार करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च पानाच्या कडेला आडवा धरा. बॉलपेनने दाबून लिहिलेलं असेल तर अक्षरांची खाच सावलीत उठून दिसते.

२. सही छापील आहे का?

जुन्या स्मरणिकांमध्ये खेळाडूंच्या सह्या छापलेल्या असायच्या. मॅक्रो मोडमध्ये झूम करा. रेघेत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. पण ठिपके नाहीत म्हणजे सही खरी, असं नाही. रबरी शिक्काही असू शकतो.

आणखी एक युक्ती: त्याच खेळाडूची दुसरी सही मिळवा आणि फोटो एडिटिंग ॲपमध्ये एकावर एक ठेवून वरची अर्धी पारदर्शक करा. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नका! माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही. अशी जुळणी म्हणजे नक्कल, शिक्का किंवा सही करणारं यंत्र.

३. पेन आणि कागद

बॉलपेन बाजारात १९४५ च्या सुमाराला आलं, फेल्ट टिप पेन १९६० च्या दशकात. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या फोटोवर मार्करची सही असेल, तर ती बऱ्याच वर्षांनी केलेली आहे. खोटीच असेल असं नाही, कारण म्हातारपणीही खेळाडू जुन्या फोटोवर सही करतात. वस्तूचं वय आणि सहीचं वय वेगळं असू शकतं, हे विसरू नका.

अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात कागद शुभ्र दिसण्यासाठी घातलेलं रसायन आहे. ते साधारण १९५० नंतर रुळलं. पण कागद चमकला नाही म्हणजे तो जुना, असं सिद्ध होत नाही. हा टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

४. छापलेला मजकूर वाचा

तिकिटावर किंमत आण्यांत असेल तर ते बहुधा १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. इंग्रजी पत्त्यात 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' असेल तर साधारण १९९५ नंतरचं.

५. नावं जुळवा

आम्ही कोड लिहिताना दोन याद्यांमधला सामाईक भाग काढतो, तसंच हे. आमच्या पानावर सगळ्या सह्या एकाच निळ्या बॉलपेनच्या, म्हणजे बहुधा एकाच वेळी घेतलेल्या. आणि त्यात चंद्रशेखर होते. पण चंद्रशेखर वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर नव्हतेच! ते संघात परत आले त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी. २४ ऑगस्ट १९७१ ला आपण ओव्हल कसोटी जिंकली, ती त्यांच्या ३८ धावांत ६ बळींच्या जोरावर. सलीम दुर्राणींचं उलटं: ते वेस्ट इंडिजला होते, इंग्लंडला नव्हते. आमच्या पानावर त्यांची सही नाही. हा पुरावा कच्चा आहे, कारण एखाद्याची सही राहूनही जाते. पण चंद्रशेखरांची सही असणं, हा पुरावा पक्का.

सरदेसाई शेवटची कसोटी डिसेंबर १९७२ मध्ये खेळले. म्हणजे सह्या इंग्लंड दौऱ्यापासून तोपर्यंतच्या. त्यात विमानतळाची गोष्ट खरी धरली, तर इंग्लंडला जातानाच्या किंवा येतानाच्या.

प्रमाणपत्राचं काय?

विकणारा स्वतःच छापून देतो त्या प्रमाणपत्राला काही अर्थ नाही. अमेरिकेत एफबीआयने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवली. त्यात बनावट सह्यांबरोबर बनावट प्रमाणपत्रंही पकडली गेली. मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा सापडले! तुम्ही विकत घेणार असाल तर वस्तू आधी कोणाकोणाकडे होती, ते विचारा. मोठी रक्कम असेल तर विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या जाणकाराला मूळ वस्तू दाखवा. फोनवरची तपासणी खोटं पकडायला मदत करते, खरेपणाची हमी देत नाही.

शेवटी आजीला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "इंग्लंडहून आले तेव्हा मी माहेरी होते. तुझा बाबा सप्टेंबरचा ना रे. म्हणूनच मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, नुसतं ऐकलेलं आठवतंय."

मथळा खोडला. विक्रीही रद्द, कारण आता भावालाच ती वही हवी आहे. पान लॅमिनेट करायचा त्याचा बेत मात्र मी हाणून पाडला. तुम्हीही करू नका. सेलोटेप नको, उन्हात फ्रेम नको. आणि घरात विचारायला कोणी आहे तोवर विचारून घ्या, फोनचा रेकॉर्डर चालू ठेवून.