पोटखराबा

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आले, की मनात आधी त्याची किंमत मांडायची. निवृत्तीनंतरही माझी ही खोड गेलेली नाही. मात्र एक किंमत मी साफ चुकीची मांडली होती. ती गोष्ट वसईची.

१९८८ साली मी तिथल्या शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. एका वाडीची पाहणी करायला गेलो. मालकांना सगळे काका म्हणत. वाडी जेमतेम दोन एकरांची, पण इमारतीसारखे मजले असलेली! वर नारळ-सुपारी, मध्ये केळी, खाली पानवेली आणि सोनचाफा. पहाटेच्या गाडीने फुले दादरला जात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातलेली होती. त्यांची सुकेळी होणार होती. काकूंनी आदल्या खेपेची दोन हातावर ठेवली. तो मधासारखा गोडवा अजून आठवतो.

वाडीच्या कडेला एक तळे होते. वसईत त्याला बावखल म्हणतात. सातबाऱ्यावर मात्र त्याचे नाव होते ‘पोटखराबा, चार गुंठे’.

मी हिशेबी माणूस. म्हटले, “काका, एवढी जागा पाण्याखाली फुकट गेली. भराव घाला, शे-सव्वाशे केळी सहज लागतील.”

काका हसले. “साहेब, हे वाडीचं पोट आहे. ते बुजवलं, तर खराबा सगळ्या वाडीचा होईल.”

मी ते हसण्यावारी नेले आणि अहवालात माझी शिफारस लिहिली.

काकांना जे कळत होते, ते मला फार उशिरा कळले. पावसाळ्यात बावखलात साठलेले गोडे पाणी जमिनीत मुरते, विहिरींना झरे देते आणि पलीकडच्या समुद्राचे खारे पाणी थोपवून धरते. गोडे पाणी हटले, उपसा वाढला, की खारे आत सरकते. पुढे इमारती वाढल्या, वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरमधून त्यांच्याकडे जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली. तरीही गावे शहरात ओढली जात राहिली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली.

गेल्या वर्षी मुलांना घेऊन वसईचा किल्ला पाहायला गेलो होतो. पोर्तुगिजांनी तो दोनशे वर्षे राखला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला. आज तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वारसा म्हटला की आपल्याला असा दगड आठवतो. रचलेला दगड निदान उभा तरी राहतो. वाडीला रोज पाणी द्यावे लागते. एक पिढी चुकली, की संपले.

परतताना पाय काकांच्या वाडीकडे वळले. काका केव्हाच गेले होते. मुलाने ओळखले, बसवले. चहाला बाटलीतले पाणी वापरले होते. विहिरीचे आता मचूळ झाले आहे, म्हणाला. पानवेली गेल्या, चाफ्याची चारच झाडे उरली होती. बावखलाच्या जागी सपाट जमीन होती आणि तिच्यावर केळीची खुरटी रोपे.

त्याने कपाटातून जुनी फाइल काढली. अहवालाच्या प्रतीवर माझेच अक्षर होते. ‘पोटखराबा भराव घालून लागवडीखाली आणावा.’

“बाबांनी तुमचं ऐकलं नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मी ऐकलं.”

निघताना त्याने विचारले, “साहेब, पुन्हा खणायला बँक कर्ज देईल का?”

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन जुन्या शाखेत गेलो. टेबलामागचा तरुण अधिकारी नम्र होता. कर्जाच्या कारणापाशी त्याचे पेन थांबले.

“सर, बावखल असा प्रकार यादीत नाही. शेततळं लिहू का?”

“लिहा,” मी म्हटले. “नाव काहीही द्या. फक्त पोटखराबा लिहू नका.”