खरखरीचा माग

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान, खुटबाव नावाचे लहानसे स्थानक आहे. भोवतालचा मुलूख उसाचा. आणि उसाला पाणी देण्यासाठी मोटार, स्टार्टर, रोहित्र व ११ हजार व्होल्टच्या तारा यांचा पसारा तेथे ओघानेच आलेला. अशा गावी एखाद्या परवानाधारक हौशी रेडिओ-संचालकाने, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘हॅम’ म्हणतात त्या गृहस्थाने, दोन झाडांमध्ये सुमारे २० मीटर लांबीची तार ताणून ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर कान लावला, तर दूरदेशीच्या सहकाऱ्याच्या आवाजाआधी त्याला ऐकू येईल ती आसपासच्या घरांतील उपकरणांची खरखर.

या खरखरीचे मूळ एका साध्या सृष्टिनियमात आहे. विद्युत्प्रवाह एकाएकी बदलला की त्यातून रेडिओलहरी उत्पन्न होतात, आणि बदल जितका आकस्मिक, तितका त्या लहरींचा विस्तार अधिक. एलईडी दिव्याच्या बुडाशी बसवलेले इवलेसे मंडल २३० व्होल्टची घरगुती वीज प्रथम एकदिश करते आणि नंतर तिला सेकंदाला हजारो वेळा तोडते व जोडते; मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर व सौरसंचाचा नियंत्रक यांतही हीच क्रिया अखंड चाललेली असते. तिच्यातून निघणारा उपद्रव जागच्या जागी अडवण्यासाठी एक वेटोळे आणि एक-दोन कपॅसिटर पुरेसे होतात. परंतु हे जिन्नस गाळले तरी दिव्याचा उजेड तिळमात्र कमी होत नसल्यामुळे स्वस्त मालात पहिली कात्री नेमकी त्यांनाच लागते. मग फुटलेल्या पाटाचे पाणी ज्याची पाळी नाही त्याच्याही वावरात शिरावे, तशा त्या लहरी घरच्या वायरिंगमध्ये शिरतात, आणि तीच वायरिंग त्यांची एरियल होऊन बसते. हॅमच्या दृष्टीने उत्तम गणला जाणारा संदेश त्याच्या यंत्राशी केवळ ५० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टच्या वीस हजाराव्या हिश्शाचा असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या गाऱ्हाण्यातील तथ्य कोणालाही पटावे.

हा प्रश्न चार हौशी माणसांपुरता आहे असे समजणे मला साफ चुकीचे वाटते. १९९३ मध्ये किल्लारी आणि २००१ मध्ये भूज येथे भूकंपाने हाहाकार उडवला, तेव्हा याच हौशी मंडळींनी निरोप पोहोचवण्याचे काम अंगावर घेतले होते. आणि आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या असून, मानवनिर्मित रेडिओ-कोलाहल कमी आणि सभोवार डोंगरांचा आडोसा, या कारणांसाठीच ती जागा पसंत केली गेली. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीचा फेरविचारही या दुर्बिणीस बाधा पोहोचू नये म्हणूनच करावा लागला. आकाशगंगांचा क्षीण स्वर ऐकू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाचा आणि खुटबावच्या हॅमचा शत्रू एकच आहे.

उपद्रवाचा माग काढणे मात्र अवघड नाही, आणि त्याचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. बॅटरीवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर घेऊन पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या आगेमागे, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी, काटा ठेवावा आणि घरचा मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली तर अपराधी घरातच आहे. एकेक उपकरण चालू करीत गेले की तो सापडतो. थांबली नाही तर ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवावा; आतील फेराइटच्या दांडीचे टोक उगमाकडे वळले म्हणजे आवाज सर्वांत क्षीण होतो. सरावलेल्या कानाला केवळ नादावरूनही पुष्कळ कळते: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सलग गुणगुणतो, मिक्सर चालू असेतोवरच करकरतो, आणि उच्च दाबाच्या खांबावरील सदोष इन्सुलेटरची ठिणगी कोरड्या हवेत गुरगुरून पाऊस पडताच बहुधा गप्प होते. त्या खांबाला हात न लावता महावितरणला वर्दी द्यावी. सेकंद-दीड सेकंदाच्या अंतराने ‘टक्, टक्’ असा ठोका पडत असेल, तर रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन पाहावे. तारेला टेकलेले गवत काढले आणि तडकलेला इन्सुलेटर बदलला की ठिणगी थांबते, शिवाय कुंपणाचा गळून चाललेला जोरही परत येतो.

उलट दिशेची तक्रारही तितकीच खरी असते. हॅम बोलू लागला की शेजारच्या टीव्हीवर रेघा उमटतात किंवा भजनी मंडळाच्या स्पीकरमधून त्याचा विद्रूप आवाज घुमतो, आणि सारा दोष त्याच्या माथी येतो. १९७८ च्या नियमांनी हौशी सेवेला परीक्षा व परवाना यांच्या शिस्तीत बसवले असून, इतरांच्या संदेशवहनास अडथळा न आणणे हा त्या शिस्तीचा भाग आहे. म्हणून प्रेषकावर योग्य फिल्टर आणि भक्कम अर्थिंग यांची तजवीज त्यानेच पदरमोड करून केली पाहिजे. परंतु प्रेषक निर्दोष असूनही पुष्कळदा स्पीकरची लांब तारच एरियल बनते आणि ॲम्प्लिफायरमधील अर्धवाहक त्या लहरींचे ध्वनीत रूपांतर करतात. तेथे उपाय स्पीकरच्याच बाजूला करावा लागतो: फेराइटच्या कड्यावर त्या तारेचे सहा-सात वेढे द्यावेत, आणि ते कडे हॅमने स्वतः नेऊन बसवून द्यावे.