रात्रीची लांबी आणि प्राण्यांचे प्रजनन

थंड प्रदेशातील मेंढ्या बहुधा वसंत ऋतूत वितात. कोकरांना कोवळा चारा आणि ऊब याच सुमारास लाभते. हे वेळापत्रक पाळण्यासाठी ऋतूची चाहूल महिनोगणती आधी लागावी लागते. ती देण्याचे कार्य मेंदूतील पीनियल ही लहानशी ग्रंथी करते.

अंधार पडला की ही ग्रंथी मेलाटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. डोळ्यांवर प्रकाश पडताच ते थांबते. येल विद्यापीठातील ॲरन लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली गुरांच्या ग्रंथींतून ते प्रथम वेगळे केले. रात्र जितकी मोठी, तितका अधिक काळ मेलाटोनिन रक्तात राहते. शरीराच्या लेखी ती रात्रीच्या लांबीची नोंदच होय.

ही नोंद पीयूषिका ग्रंथीच्या देठालगतचा भाग टिपतो व मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रास संदेश देतो. ते केंद्र पीयूषिकेला, आणि पीयूषिका वृषणांना चालना देते. त्यानुसार टेस्टोस्टेरॉन या पुंसंप्रेरकाची निर्मिती वाढते वा घटते.

सोनेरी हॅम्स्टर या उंदीरवर्गीय प्राण्यास रोज साडेबारा तासांहून कमी प्रकाश मिळाल्यास काही आठवड्यांत त्याची वृषणे आक्रसतात. हॉफमन व रायटर यांनी १९६५ साली अशा नरांची पीनियल ग्रंथी काढली, तेव्हा अल्प प्रकाशातही वृषणे आक्रसली नाहीत. मेंढ्याच्या बाबतीत मात्र उलट घडते. रात्री मोठ्या होऊ लागल्या की त्याचे टेस्टोस्टेरॉन वाढते. याचे कारण गर्भकाळात आहे. हॅम्स्टरचा गर्भकाळ सुमारे १६ दिवसांचा, तर मेंढीचा सुमारे १५० दिवसांचा. पिले वसंतात जन्मावीत, यासाठी एकाचा समागम वसंतात, तर दुसऱ्याचा शरदात होणे आवश्यक ठरते. म्हणून मेलाटोनिन पौरुष वाढविते किंवा घटविते, असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे.

ऑस्ट्रेलिया व युरोपातील काही देशांत मेंढ्यांचा हंगाम लवकर यावा म्हणून कानाच्या मुळाशी कातडीखाली मेलाटोनिनची गोळी बसविली जाते. लंडनमध्ये सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत पावणेनऊ तासांचे अंतर असते. मुंबईत ते सुमारे सव्वादोन तासांचेच. त्यामुळे आपल्याकडील मेंढ्यांच्या प्रजननावर पाऊस व चारा यांचा प्रभाव अधिक दिसतो. म्हशी मात्र दिवस लहान होऊ लागताच अधिक संख्येने माजावर येतात. परदेशातील उपाय जसाच्या तसा न उचलता पशुपालकांनी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा आणि चारापाण्याकडे प्रथम लक्ष द्यावे, हेच श्रेयस्कर.