गिट सर्व्हर घरचाच, तोही अपाचेवर

कोड आपल्याच सर्व्हरवर ठेवायचाय? अपाचे पुरतो. गिटसोबत ‘गिट-एचटीटीपी-बॅकएंड’ हा छोटा सीजीआय प्रोग्रॅम येतो, २००९ च्या अखेरीस आलेल्या १.६.६ आवृत्तीपासून. रेपॉझिटरी ‘बेअर’ बनवा, सीजीआय मॉड्यूल चालू करा, ‘गिट प्रोजेक्ट रूट’ व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पत्ता द्या, ‘गिट एचटीटीपी एक्सपोर्ट ऑल’ हे व्हेरिएबलही सेट करा आणि स्क्रिप्टअलियासने विनंत्या त्या प्रोग्रॅमकडे वळवा. एवढं झटपट होतं.

खरी गंमत पुढे. क्लोन सुरळीत होतं, पुश केलं की ४०३! लॉगिन न केलेल्याचा पुश हा प्रोग्रॅम मुळातच नाकारतो (आणि बरंच करतो). पासवर्ड लावा, पण एचटीटीपीएसवरच. तरी अडलं तर फोल्डरची मालकी बघा. डेबियनवर अपाचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरने चालतो. रेपॉझिटरी त्याच्या नावावर करा. वैतागून ७७७ मारू नका, प्लीज!